'केंद्र' हा शब्द आणि तत्समतेचा प्रश्न

मराठीच्या अध्यापनात शब्दांची तत्सम, तद्भव, देशी आणि परकीय अशी विभागणी केली जाते. वर्णनाची सोय म्हणून ती उपयुक्त आहे. मात्र कालांतराने 'तत्सम' म्हणजे 'मूळचा आपला' असे समीकरण रूढ होते आणि त्यावरून शब्दाची प्रतिष्ठाही ठरू लागते. हे समीकरण किती ठिसूळ आहे, हे 'केंद्र' या ज्योतिषातील संज्ञेवरून ध्यानी यावे.

'केंद्र' हे ग्रीक 'केंत्रोन'चे संस्कृतात रुळलेले रूप होय. 'केंत्रोन' म्हणजे अणकुचीदार टोक, पराणी. वर्तुळ काढताना कंपासाचे जे टोक स्थिर रोवले जाते, त्यावरून तो शब्द वर्तुळमध्याचा वाचक झाला. संस्कृत ज्योतिषग्रंथांत मात्र त्याचे अर्थ निराळे आढळतात. सूर्यसिद्धान्तात मंदोच्चातून किंवा शीघ्रोच्चातून ग्रह वजा करून उरणाऱ्या कोनात्मक अंतरास 'केंद्र' म्हटले आहे. वराहमिहिराच्या बृहज्जातकात ते कुंडलीतील पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या स्थानांचे नाव आहे. आपल्याकडील कुंडलीच्या आकृतीत ही चार घरे मध्यभागी एकत्र येतात, म्हणून 'केंद्र' म्हणजे 'मधले' असा समज सहज होतो. आकाशात मात्र ती उदय, अस्त आणि मध्यान्हरेषा यांच्याशी निगडित, वर्तुळाच्या परिघावरील स्थाने आहेत. जुन्या मराठी ग्रंथातील 'गुरू केंद्री' हा निर्देश आजच्या अर्थाने वाचणारा अभ्यासक म्हणूनच फसतो.

याच कुळातील 'पणफर' आणि 'आपोक्लिम' हे शब्द ज्योतिषाच्या पोथीतच राहिले. त्यांचे परकेपण कानाला जाणवते. 'केंद्र' मात्र इंद्र-चंद्रांच्या पंक्तीत बसला आणि त्याचे कुळ कोणी विचारले नाही. 'होरा' या शब्दाचे कुळ विचारले गेले, तेव्हा 'अहोरात्र'मधील आद्य व अंत्य वर्णांचा लोप होऊन तो सिद्ध झाला, असे एक मत पुढे आले. वराहमिहिराने ते इतरांचे मत म्हणून नोंदवले आहे. वस्तुतः तो ग्रीक 'होरा' आहे. या विद्येतील यवनांचा अधिकार ऋषींप्रमाणे मान्य करण्यास मात्र त्याच वराहमिहिराला संकोच वाटला नाही.

आज 'सेंटर' हा शब्द परका म्हणून टाळून आपण 'केंद्र' योजतो. परंतु 'सेंटर'ही लॅटिन 'सेंत्रुम'च्या द्वारे त्याच 'केंत्रोन'पासून आलेला आहे. ही दोन सख्खी भावंडे. एक संस्कृतच्या दाराने आले, दुसरे इंग्रजीच्या. 'केंद्र' टाकून द्यावा, असा याचा अर्थ नव्हे. विकेंद्रीकरण, केंद्रीय, केंद्रित अशी प्रजा वाढवणारा तो समर्थ शब्द आहे. तो स्वीकारार्ह ठरतो तो या सामर्थ्यामुळे, जन्मस्थानामुळे नव्हे. परिभाषा घडवतानाही हीच कसोटी लावणे इष्ट होय.

तेव्हा 'तत्सम' ही संज्ञा शब्द मराठीत कोणत्या मार्गाने आला एवढेच सांगते, तो कोठे जन्मला हे सांगत नाही, ही गोष्ट पदव्युत्तर वर्गात स्पष्टपणे शिकवली गेली पाहिजे. व्युत्पत्ती हे शब्दाच्या प्रवासाचे शास्त्र आहे. त्याच्या सोवळेपणाचे प्रमाणपत्र देणे हे तिचे कार्य नव्हे.