जुनं ते सोनं, रिंग मात्र नवी

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला भाचेसुनेचा फोन आला. ती कॅलिफोर्नियात, म्हणजे तिकडे सकाळ. एरवी तिचा फोन पुरणाच्या प्रमाणासाठी, नाहीतर गौरी कधी बसतात हे विचारायला येतो. या वेळी आवाज रडवेला होता. "मामी, तुमचं ऐकतो तो. जरा सांगा ना त्याला. साठ वर्षांपूर्वीचं यंत्र पाठीला बांधून समुद्रात उतरणार म्हणतोय!"

भाच्याला स्कूबाची जुनी साधनं जमवायचा नाद आहे. जुन्या बाजारातून, कुणाच्या आजोबांच्या अडगळीतून तो ती शोधून आणतो. आता गाडी अंगणात आणि गॅरेजमध्ये रबरी नळ्या, सिलिंडर, काचेचे गोल मुखवटे. आधी मी त्याला चांगलं खडसवायचं ठरवलं होतं. पण महिला मंडळात घरोघरची भांडणं मिटवताना एक शिकलेय, आधी दोन्ही बाजू ऐकाव्यात. म्हणून दोन-चार दिवस वाचलं, त्यालाही फोनवर भंडावून सोडलं.

मैत्रिणींनो, मालवण-तारकर्लीचं स्कूबा आता आपल्याला नवीन नाही. मंडळाच्या सहलीत मीही बेचाळिसाव्या वर्षी पाण्याखाली जाऊन आले. साडी सोडून तो घट्ट रबरी पोशाख चढवणं हेच खरं धाडस होतं, पाणी तर दोन पुरुषभरच. तिथं तोंडात धरतात त्या यंत्राला रेग्युलेटर म्हणतात. सिलिंडरमध्ये हवा प्रचंड दाबानं भरलेली असते. ती आपल्याला सोसेल इतक्याच दाबानं आणि आपण ओढू तेव्हाच द्यायची, हे त्याचं काम.

आताच्या रेग्युलेटरला तोंडापर्यंत एकच नळी येते. जुन्याला दोन. एका खांद्यावरून हवा येते, दुसऱ्यावरून सोडलेला श्वास मानेमागच्या गोल डब्याकडे परत जातो. त्या डब्यात रबराचा पातळ पडदा असतो. तो हलला की हवेची वाट उघडते. बुडबुडे मानेमागून निघतात, डोळ्यांसमोर येत नाहीत. भाचा म्हणतो, "मामी, इतकं शांत वाटतं!" वाटत असेल. पण पालथं पोहताना डबा फुप्फुसांपेक्षा वर राहतो, म्हणून श्वास जरा जोर लावून ओढावा लागतो. तरंगायला हवेचं जाकीट नाही, किती हवा उरली ते दाखवणारा काटा नाही. आपल्या जुन्या स्कूटरला पेट्रोलचा रिझर्व्ह असायचा ना, तसाच प्रकार. श्वास जड झाला की कमरेजवळची सळई ओढायची, राखीव हवा सुटते. ती सळई आधीच कशात तरी अडकून ओढली गेली असेल तर? मग इशारा मिळतच नाही. हे ऐकल्यावर सुनेची भीती मला मुळीच बायकी वाटली नाही.

या यंत्राच्या गोष्टीत बायका आहेत, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. हे यंत्र १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालं, ऐन युद्धात. पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालवायची वेळ आलेली. त्यासाठी एमिल गान्यां या इंजिनियरनं एक झडप बनवली होती. नौदलातल्या जाक कूस्तो यांनी त्याच्याबरोबर ती पाण्याखाली श्वास घेण्यासाठी बदलून घेतली. या दोघांची गाठ पडली ती कूस्तोंच्या सासऱ्यांमुळे, ते गान्यांच्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. म्हणजे सिमोन या बायकोच्या माहेरामुळे! त्या वर्षी कूस्तो समुद्रात चाचणीला उतरले, तेव्हा सिमोन पाण्यावर तरंगत वरून नजर ठेवून होत्या. पुढे 'कॅलिप्सो' जहाजासाठी त्यांनी आपले दागिने विकले आणि आयुष्याची कितीतरी वर्षं त्या जहाजावर काढली. त्या स्वतःही बुडी मारत. जगाला नाव माहीत झालं ते नवऱ्याचं. अमेरिकेतल्या डॉटी फ्रेझर १९५५ मध्ये तिथल्या पहिल्या महिला स्कूबा प्रशिक्षक झाल्या. त्यांनी दुकान चालवलं, पोशाख शिवले आणि २०२२ मध्ये नव्व्याण्णवाव्या वर्षी गेल्या. भाच्याच्या कपाटातल्या वस्तू याच काळातल्या. त्या फेकून दे असं मला म्हणवेना.

पण मग काचेत ठेव, असंही म्हणवेना. आपल्याकडे रुरकी-मुरादाबादला पाणबुड्यांच्या जुन्या पितळी टोपासारखे टोप बनतात, निव्वळ शोभेचे. ते मांडा की दिवाणखान्यात. खरी वस्तू वापरात असली तरच तिची रीत कळते. ब्रिटनमध्ये १९९० पासून हिस्टॉरिकल डायव्हिंग सोसायटी आहे. तिथली मंडळी जुनी साधनं दुरुस्त करून पाण्यात उतरतात. पाटा-वरवंटा कोपऱ्यात उभा करून वाटणाची चव सांगता येत नाही, तसंच हे.

तरीही. आमच्या घरात सासूबाईंचा कुकर होता. त्यांच्या लग्नानंतर घेतलेला, त्यांचा जीव त्याच्यावर. रिंग कडक झाली होती, सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बदललाच नव्हता. मी दोनदा म्हटलं, त्या दुखावल्या, म्हणून मी गप्प बसले. एके दिवशी तो उडाला. आमटी छताला, झाकण खिडकीपाशी, आणि माझी लेक दोन मिनिटांपूर्वीच ओट्यापासून हटलेली. आजही माझं तेच गप्प बसणं मला खुपतं. कुकर जुना असण्यात काही वाईट नव्हतं. आम्ही रिंगही जुनीच ठेवली, ही चूक होती.

भाच्याला मी हेच सांगितलं. पितळ साठ वर्षांचं असू दे. ती मंडळी म्हणे व्हिनेगारनं हिरवा कळंक काढतात, आपण चिंचेनं काढतो तसा. पण रबर म्हातारं होतं, त्याला चिरा पडतात. पडदा, नळ्या, झडपा नव्या घाल. पडदे तर आता सिलिकोनचे मिळतात. सिलिंडरची दाबचाचणी तिकडे दर पाच वर्षांनी करावी लागते, ती चुकवू नकोस. काही जुन्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडरांना मानेजवळ चीर जाते, ते सरळ मोडीत काढ. (आपल्या गॅस सिलिंडरवरही ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं, तीही चाचणीची मुदतच. पाहून घेत जा बरं.) हवेचा काटा नव्या पद्धतीचा जोडून घे. आधी तलावात सराव कर. आणि सोबत्याशिवाय उतरायचं नाही.

तो म्हणाला, "काटा लावला तर जुनेपणाची मजा जाते, मामी." मी म्हटलं, "मजा तुझी आणि घोर तिला, असं चालणार नाही." बऱ्याच वेळानं तो हो म्हणाला.

सुनेलाही एक सांगितलं. तो यंत्र उघडून बसेल तेव्हा तू शेजारी बस. कुठला भाग काय करतो ते विचार. घरातली धोक्याची वस्तू एकट्यालाच कळते, तेव्हा दुसऱ्याच्या हाती फक्त काळजी उरते. तिनं नाक मुरडलं, पण बसली.

नव्या नळ्या आल्या, बसल्या. तलावातला सराव चालू आहे. परवा पुन्हा साडेनऊला फोन. माझ्या पोटात गोळाच आला. पण तक्रार वेगळीच होती. जुन्या चिरलेल्या नळ्या टाकवत नाहीत म्हणून भाच्यानं त्या दिवाणखान्यात देवघराशेजारी टांगल्यात, आणि गौरी तोंडावर आल्यात.