आल्प्सच्या गावात, गाईंच्या चालीने

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टर, आईबाबांना स्वित्झर्लंडला नेऊ का?" विचारतो तो मुलगा किंवा मुलगी. ज्यांना न्यायचे, ते बहुधा शेजारच्या खुर्चीवर मुकाट बसलेले असतात. मी रक्तदाब मोजते, जुने अहवाल चाळते आणि मग त्या शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारते, "तुम्हाला तिथे काय बघायचे आहे?" बर्फ, असे उत्तर बहुतेक वेळा येते. वाचकहो, आज मला बर्फाखेरीजच्या आल्प्सविषयी सांगायचे आहे. वृद्धांना तो अधिक मानवतो, असे माझे मत आहे, आणि त्या मताला माझ्या घरचा अनुभव आहे.

दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला माझ्यासाठी सोडवायचा होता. आमचे अण्णा तेव्हा ८१ वर्षांचे होते. हृदयाच्या धमनीत एक स्टेंट, मधुमेह, रक्तदाब आणि दोन्ही गुडघे झिजलेले. आई गेल्यापासून दीड वर्षात त्यांनी घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला होता. जेवण कमी झाले, बोलणे त्याहून कमी. माझा मुलगा झ्युरिकला शिकत होता. "आजोबांना घेऊन ये," असा त्याचा हट्ट होता. हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून होकार दिला, आणि सप्टेंबरात आम्ही निघालो.

उंच शिखराचा बेत मी आधीच रद्द केला होता. युंगफ्राउयोखचे रेल्वे स्थानक ३४५४ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. साधारण २५०० मीटरच्या वर निरोगी माणसालाही डोकेदुखी, मळमळ, धाप यांचा त्रास होऊ शकतो. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका आला आहे, थोड्याशा श्रमानेही छातीत दुखते, हृदय कमकुवत आहे किंवा फुप्फुसांचा तीव्र जुनाट विकार आहे, त्यांनी तिथे जाऊ नये. आम्ही निवडला तो ईशान्य स्वित्झर्लंडमधला अपेंझेलचा प्रदेश. अपेंझेल गाव सुमारे ७८० मीटरवर, म्हणजे लोणावळ्याहून थोडे वर आणि महाबळेश्वरच्या बरेच खाली. श्वासाचा प्रश्न तिथे येत नाही. येतो तो चढ-उताराचा.

पहिल्याच दिवशी चूक झाली, आणि ती माझी होती. गाडी बदलायची होती, वेळ थोडा होता. मी सामान घेऊन पुढे झाले, "अण्णा, या लवकर" म्हणत राहिले. मागे वळून पाहिले तेव्हा ते जिन्याच्या मध्यावर कठडा धरून उभे होते, कपाळावर घाम. छातीत दुखत नव्हते, नाडीही लवकरच संथ झाली. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते थकव्याहून वेगळे होते. "मी तुम्हाला अडचण आहे," ते म्हणाले. ती गाडी आम्ही सोडून दिली. पुढची गाडी थोड्याच वेळात आली.

तिसऱ्या दिवशी उर्नेश नावाच्या गावाबाहेर रस्त्याकडेला आम्ही घडीची खुर्ची मांडून बसलो. डोंगरावरची कुरणे सोडून गुरे खाली उतरण्याचा तो काळ. आल्प्समधले शेतकरी उन्हाळ्याच्या तोंडाला गाई वरच्या कुरणांवर नेतात. तिथले गवत गाईंच्या पोटात जाते आणि गावालगतचे गवत कापून हिवाळ्यासाठी वाळवले जाते. वरचे दूध रोज खाली आणणे पूर्वी शक्य नसे, म्हणून त्याचे तिथेच चीज होई. शरद ऋतूत गवत सरले की सगळा संसार परत खाली येतो. उन्हाळ्यातल्या या कुरणजीवनाचा युनेस्कोने २०२३ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला.

हे ऐकून अण्णा दोन दिवसांत प्रथमच आपण होऊन बोलले. "म्हणजे आपल्या धनगरांसारखेच. दिवाळी झाली की कोकणात उतरायचे, पावसाआधी परत देशावर." त्यांचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गुरांमागे गेलेले.

आधी घंटा ऐकू आल्या. मग वळणावर पांढऱ्या शेळ्या दिसल्या. त्यांच्यासोबत पारंपरिक पोशाखातली छोटी मुले-मुली. मागून पिवळी आखूड विजार घातलेला गुराखी, त्याच्या उजव्या कानात साय काढायच्या पळीच्या आकाराचे सोन्याचे डूल. त्याच्या पाठोपाठ तीन गाई, गळ्यात नक्षीदार कातडी पट्ट्यांवरच्या भल्यामोठ्या घंटा. तिन्ही घंटांचे सूर एकमेकींशी जुळलेले असतात. इतर काही भागांत गाईंना फुलांचे मुकुट घालतात, इथे मान घंटांना. मधूनच पुरुष गाऊ लागतात, शब्द नसलेले, नुसत्या स्वरांचे. मग उरलेला कळप. कळपामागे कुत्रा आणि तपकिरी विजारीतला मालक. अखेरीस दूधदुभत्याची लाकडी भांडी लादलेली गाडी.

ही मिरवणूक पर्यटकांसाठी मांडलेली नाही, हे पाहताक्षणी कळते. गाई मध्येच थांबतात, शेण टाकतात, कोणी रस्त्याकडेचे गवत खाऊ लागते. गवत आणि हवामान पाहून शेतकरी दिवस ठरवतो. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कधीही. म्हणून जाणाऱ्यांनी तिथल्या पर्यटन कार्यालयात आदल्या दिवशी विचारावे आणि हाताशी दोन दिवस जास्तीचे ठेवावेत.

त्या दिवशीचा मालक अण्णांच्याच वयाचा असावा. हातात काठी, पाय किंचित फेंगडे, चाल अगदी धीमी. अण्णांनी नातवाला विचारायला लावले, "मालक असून सर्वांत मागे का चालतो?" वृद्धाने न थांबता उत्तर दिले, नातवाने ते मराठीत सांगितले : "पुढे चाललो तर कोण मागे राहिले ते मला कसे दिसणार?"

अण्णा हसले. मग खुर्चीवरून उठले आणि काठी टेकत त्याच्या बाजूने चालू लागले. माझा हात त्यांना धरायला आपोआप पुढे झाला होता, तो मी मागे घेतला. रस्ता सपाट होता, अंगात गरम कपडे होते, औषध वेळेवर घेतलेले होते. मी त्यांच्या मागून चालत राहिले. पुढच्या वळणापर्यंत, फार तर तीनशे पावले. एकमेकांची भाषा न कळणारे दोन म्हातारे गाईंच्या पाठी मोजत चालले होते. रात्री जेवताना अण्णांनी नातवाला त्यांच्या लहानपणीचा बेंदूर सांगितला : बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झूल, आणि मिरवणुकीत आजोबांचा बैल कसा पुढे असे ते. आई गेल्यानंतर इतके सलग बोललेले मी प्रथमच ऐकत होते.

त्या डोंगरांत आणखी एक प्रथा आहे. कॅथलिक वस्तीच्या भागात संध्याकाळी गुराखी कुरणावर उभा राहतो आणि दूध गाळायच्या लाकडी नरसाळ्यातून चारी दिशांना प्रार्थनेची हाक देतो : माणसांचे, गुरांचे रक्षण होवो. आपल्याकडच्या दिवेलागणीच्या प्रार्थनेची आठवण व्हावी अशी. दिवसाचा शेवट ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शब्दांनी होणे मनाला स्थिर करते. एकटे राहणाऱ्या वृद्धांसाठी हे मी मुद्दाम लिहिते आहे.

पण जुनी खेडी सर्वच बाबतीत सुखी होती, असे कोणी समजू नये. या डोंगराळ गावांमध्ये शंभर वर्षांपूर्वी गलगंड इतका सर्रास होता की सुजलेला गळा कोणाला विशेष वाटत नसे. इथल्या मातीत आयोडीन अत्यल्प, म्हणून गवतात, दुधात, अन्नात आणि पाण्यातही ते नाही. गर्भवतीला आयोडीन न मिळाल्याने कित्येक मुले मतिमंद आणि मूकबधिर जन्माला येत. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांना थायरॉइडवरील कार्यासाठी १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण शस्त्रक्रियेने गावे बरी होणार नव्हती. ओटो बायार्ड या ग्रामीण डॉक्टरांनी ग्रेखन या डोंगरी गावात १९१८ साली आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले. हेरिसाऊचे डॉक्टर हान्स एगेनबेर्गर यांच्या प्रयत्नांनी १९२२ मध्ये आउसरहोडन या अपेंझेलच्याच अर्ध्या भागात असे मीठ विक्रीला आले. उर्नेश त्याच भागात येते. पुढच्या पिढीपासून ते सुजलेले गळे दिसेनासे होत गेले. आपल्याकडे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात हाच उपाय सिद्ध केला, आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

घंटा, गाणी, पोशाख जपणाऱ्या त्याच गावांनी मीठ मात्र बदलले. जे जपायचे ते जपले आणि जे बाधत होते ते सोडले, म्हणून त्या प्रथा जिवंत आहेत. आपल्या अनेक घरांत अलीकडे आरोग्याच्या नावाखाली साधे मीठ टाकून फक्त सैंधव वापरले जाते. सैंधवात सहसा आयोडीन मिसळलेले नसते. घरात गर्भवती किंवा लहान मूल असेल तर हा बदल महागात पडू शकतो. मीठ कमी खावे, पण खावे ते आयोडीनयुक्त. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी मात्र मिठाच्या भरवशावर गोळी बंद करू नये.

आता जाणाऱ्यांसाठी आणि नेणाऱ्यांसाठी काही सूचना.

तयारी : निघण्याआधी सहा ते आठ आठवडे रोज चालावे आणि झेपत असेल तर कठडा धरून जिना चढावा-उतरावा. डोंगरात चढ हृदयाची परीक्षा घेतो, उतार गुडघ्यांची आणि मांड्यांची. पकड असलेले बूट आधी घरी वापरून पाहावेत. काठी लाजेखातर मागे ठेवू नये.

विमानप्रवास : दर तासाला पाय हलवावेत, शक्य तेव्हा उठून चालावे, पाणी पीत राहावे. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे आवश्यक. घट्ट मोजे डॉक्टरांना विचारूनच घालावेत, पायांच्या धमन्या अरुंद झालेल्यांना ते अपायकारक ठरू शकतात.

औषधे : सर्व औषधे मूळ वेष्टनात, हातातल्या सामानात, औषधांची मूळ नावे लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवावीत. इन्सुलिन मोठ्या सामानात देऊ नये, ते गोठू शकते. उन्हाळी वेळेत स्वित्झर्लंड आपल्या साडेतीन तास मागे असते. इन्सुलिनच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात. लघवीची गोळी प्रसाधनगृहाच्या धास्तीने परस्पर बंद करू नये, तिची वेळ बदलता येते.

आहार : शंभर ग्रॅम मुरलेल्या चीजमध्ये दीड ते दोन ग्रॅम मीठ असू शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमहून कमी असावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी चव घ्यावी, जेवण करू नये. दूध न पचणाऱ्यांना मुरलेले चीज बहुधा चालते, कारण त्यात दुग्धशर्करा जवळजवळ उरत नाही. न तापवलेले दूध आणि त्याचे मऊ, ताजे चीज वृद्धांनी टाळावे. पारंपरिक चीज वासराच्या जठरातील विकराने विरजतात, हे शाकाहारी मंडळींनी जाणून घ्यावे.

कुरणावर : वासरू सोबत असलेल्या गाईच्या जवळ जाऊ नये, वासराला हात लावू नये. लांबून वळसा घ्यावा.

संकटकाळी : रुग्णवाहिकेसाठी १४४, सर्वसाधारण मदतीसाठी ११२. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात जुन्या आजारांचा समावेश आहे का, हे वाचूनच सही करावी.

आणि एक सूचना नेणाऱ्यांसाठी वेगळी. एका दिवसात एकच ठिकाण ठेवा. आपल्या वृद्धांच्या पुढे चालून त्यांना ओढू नका. त्यांना पुढे चालू द्या आणि आपण एक पाऊल मागे राहा. त्यांचा तोल जातो आहे का, श्वास वाढला आहे का, ते मागूनच नीट दिसते.

अण्णा आता ८३ वर्षांचे आहेत. गुडघे तसेच आहेत, साखर कधी वर, कधी खाली. पण रोज संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत चालत जातात. वेळ मिळेल तेव्हा मीही जाते. मी पुढे गेले की ते हाक मारतात, "अगं, मालक मागे चालतो!"