विज्ञानविचार : मुक्या रोग्याची साक्ष

घरांतील मूल तापानें फणफणलें म्हणजे ‘कोठें दुखतें रे बाळ?’ असें त्याला विचारतां येतें. मुक्या जनावराच्या बाबतींत ही सोय नाहीं. म्हणूनच आपल्याकडे शालिहोत्राच्या नांवानें ओळखलें जाणारें अश्ववैद्यक निर्माण झालें व घोड्याची चाल, डोळे, श्वास यांवरून रोग ताडण्याची परंपरा वाढली. आज त्या निरीक्षणाला प्रयोगशाळेची जोड मिळाली आहे. घोड्याच्या हृदयांत जंतूंनीं ठाणें मांडलें असतां तें रक्तावरून कसें ओळखतात, ही हकीकत या खेपेस आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. दारीं घोडा बांधणारीं कुटुंबें आतां फारशीं उरलीं नाहींत, हें आम्ही जाणतों. परंतु या हकीकतींतील एक गोष्ट प्रत्येक घरच्या औषधांच्या फडताळाला लागू पडणारी आहे.

घोड्याचें हृदय मोठें बलवान. निरोगी घोडा स्वस्थ उभा असतां त्याचे ठोके मिनिटास सुमारें २८ ते ४४ पडतात. भरधांव असतां तेच २०० च्या वर जातात. या हृदयांत चार झडपा असून त्या रक्ताला एकाच दिशेनें वाहूं देतात. एखादी चिघळलेली जखम, किंवा वारंवार सुई टोंचून सुजलेली मानेची शीर, अशा वाटेनें जंतु रक्तांत शिरतात आणि क्वचित् प्रसंगीं झडपेला चिकटून बसतात. मग त्यांवर रक्तांतील तंतूंचीं पुटें चढून फुलकोबीसारखी गांठ वाढूं लागते. झडपेच्या पोटांत रक्तवाहिन्या बेताच्याच असतात. त्यामुळें शरीराचे रक्षक असलेले पांढरे कण आणि औषध या दोहोंनाही त्या गांठीच्या गाभ्यापर्यंत पोंचणें कठीण जातें. बाहेरून दिसतें तें इतकेंच, कीं ताप येतो नि जातो, जनावर वाळतें, आज एका पायानें तर उद्यां दुसऱ्या पायानें लंगडतें, आणि छातीला नळी लावली असतां हृदयांत फूत्कार ऐकूं येतो. यांतील एकेक लक्षण दहा रोगांत सांपडतें. म्हणून रक्ताची साक्ष काढावी लागते.

५०० किलो वजनाच्या घोड्याच्या अंगांत सुमारें ४० लिटर रक्त असतें आणि त्यांत जंतु अत्यंत विरळ असतात. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं धरून ते दिसण्याची आशा नसते. त्यांना खाऊं घालून वाढवावें लागतें. यासच रक्तसंवर्धन, अथवा ब्लड कल्चर, म्हणतात. शिरेवरील केस काढून कातडी जंतुनाशकानें शस्त्रक्रियेच्या वेळेप्रमाणें स्वच्छ करितात. रक्त पोषक द्रवाच्या कुप्यांत घालितात. एक कुपी हवेंत वाढणाऱ्या जंतूंसाठीं, दुसरी हवेवांचून वाढणाऱ्यांसाठीं. त्या कुप्या सुमारें ३७ अंश सेल्सिअस उष्णतेंत कित्येक दिवस ठेवितात. जंतु वाढूं लागले म्हणजे कर्बवायु सोडतात व यंत्र ती खूण टिपतें. पुढें ग्रॅम या डॅनिश वैद्यानें १८८४ सालीं शोधिलेल्या रंगक्रियेनें त्यांचा वर्ग ठरवितात, आणि तबकडीवर वाढवून त्यांचें नांव व त्यांस मारणारें औषध निश्चित करितात. घोड्यांत बहुधा स्ट्रेप्टोकॉकस किंवा ॲक्टिनोबॅसिलस या कुळींतील जंतु हातीं लागतात.

या तबकडीचा पाया आमच्या वाचक भगिनींच्या परिचयाचा आहे. पूर्वीं जंतु जिलेटिनवर वाढवीत. पण तें शरीराच्या उष्णतेला वितळून जाई. बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांना त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनीं, स्वयंपाकघरांत आपण वापरतों तें अगार घेऊन पाहा, असें सुचविलें. हा काळ १८८१–८२ चा. समुद्रशैवलापासून होणारें हेंच अगार आपण चायना ग्रास म्हणून आणतों. तें ३७ अंशांवरही घट्ट राहतें, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळा त्यावरच चालतात.

आतां मुख्य मुद्दा. एका कुपीच्या साक्षीवर निकाल देत नाहींत. कातडीवरचा निरुपद्रवी जंतु सुईबरोबर कुपींत शिरला तर निरपराध्यावर आळ येतो. यासाठीं निरनिराळ्या वेळीं किंवा निरनिराळ्या जागीं टोंचून निदान तीन वेळां रक्त घेतात. तोच जंतु पुनःपुन्हां सांपडला तर संशय फिटतो. उलट, सर्व कुप्या कोऱ्या निघाल्या म्हणून रोग नाहीं असेंही ठरत नाहीं. ध्वनिलहरींच्या यंत्रानें झडपेवरची गांठ पाहून व इतर रक्तपरीक्षांशीं ताडून मगच वैद्य मत देतो.

कुप्या कोऱ्या राहण्याचें एक मोठें कारण म्हणजे आधीं दिलेलें औषध. मालकाला जनावराचे हाल पाहवत नाहींत. ताप दिसतांच तो जवळचें प्रतिजैविक टोंचवितो. ममतेपोटीं केलेल्या या घाईनें रक्तांतले जंतु तात्पुरते दबतात, गांठींतले मात्र जिवंत राहतात. ताप उतरतो, पुन्हां चढतो, आणि दरम्यान झडप कुरतडली जाते. योग्य औषध सांपडलें तरी तें कित्येक आठवडे द्यावें लागतें. आणि जंतु मेले तरी फाटलेली झडप पूर्ववत् होत नाहीं. म्हणून पुष्कळ घोडे वांचत नाहींत, व जे वांचतात त्यांतले सर्वच पुन्हां धांवत नाहींत.

माणसाच्या हृदयालाही हाच रोग जडतो आणि तेथेंही हाच नियम आहे. आधीं रक्त घ्यावें, मग औषध द्यावें. रोगी अत्यवस्थ असेल तर वैद्य निकालाची वाट पाहत नाहीं. रक्त घेऊन लागलीच उपचार सुरू करितो, व त्यांत वेळ जातो तो थोडक्या मिनिटांचा. परंतु घरांत उरलेल्या दोन गोळ्या ‘गेल्या खेपेस गुण आला होता’ म्हणून तापकऱ्याला देणें, ही आपल्या एकत्र कुटुंबांतील माया कित्येकदां घातक ठरते. अशा अर्धवट औषधानें रोग मरत नाहीं, त्याचा माग मात्र पुसला जातो. विशेषतः ज्याच्या झडपा पूर्वींच दुखावलेल्या आहेत अशा माणसाचा ताप रेंगाळला, तर घरच्या वडीलधाऱ्यांनीं फडताळ बंद ठेवून वैद्याचें दार ठोठावावें, इतकीच आमची विनंती आहे.