आपली पुस्तके कोणाच्या नोंदवहीत?



ही स्मरणिका हाती पडताच आपण ती चाळाल, छायाचित्रांत आपली मुले शोधाल आणि मग ती कपाटात ठेवून द्याल. त्यानंतर तिचे काय होते, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. आपल्या समाजाचा अभ्यास करू पाहणारा उद्याचा विद्यार्थी मात्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाईल आणि तेथे जे असेल त्यावरूनच आपल्याविषयी मत बनवील. म्हणून ग्रंथालये पुस्तके कशी निवडतात, कशी मिळवितात आणि केव्हा काढून टाकतात, हे आपणही जाणून घेतले पाहिजे.

ग्रंथसंग्रहाचे मोल बाबासाहेबांनी जाणले होते. १९१७ साली ते मायदेशी परतत असताना त्यांचे ग्रंथ वाहून नेणारे जहाज युद्धात बुडाले; तरीही त्यांनी संग्रह पुन्हा उभा केला. १९४६ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांचे अनेक ग्रंथ आहेत. त्यांत जॉन ड्यूई यांच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ची प्रत असून तिच्या पानांवर बाबासाहेबांनी केलेल्या खुणा आहेत. केवळ ग्रंथनाम पाहणाऱ्यास ती एका सर्वत्र उपलब्ध पुस्तकाची आणखी एक प्रत वाटेल. अभ्यासकास मात्र त्या खुणांतून बाबासाहेबांच्या विचारांची वाटचाल दिसते.

आता आपल्या परिसराकडे वळू. महायुद्धानंतर, १९४९ पासून, जर्मनीत एकेका विषयाचे परदेशी साहित्य जमविण्याची जबाबदारी एकेका ग्रंथालयाकडे सोपविण्यात आली. दक्षिण आशियाचा विषय प्रदीर्घ काळ ट्युबिंगेन विद्यापीठाकडे होता. म्हणजे त्सुफेनहाउझेनहून तासाभराच्या वाटेवर भारतीय ग्रंथांचा मोठा साठा उभा राहिला. २००५ साली हे काम हायडेलबर्ग येथील दक्षिण आशिया संस्थेकडे गेले. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत प्रा. ग्युंथर सोन्थायमर (निधन १९९२) यांनी महाराष्ट्राच्या लोकधर्माचा आयुष्यभर अभ्यास केला. २०१६ पासून जुन्या व्यवस्थेची जागा नव्या योजनेने घेतली असून तीत संगणकीय प्रतींना प्राधान्य दिले जाते. अमेरिकेतील कथा याहून निराळी आहे. भारताला विकलेल्या गव्हाच्या रुपयांतून तेथील सरकारी ग्रंथालयाच्या दिल्ली कार्यालयाने १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके घेऊन विद्यापीठांना धाडली. अमेरिकेतील मराठी कपाटे काही अंशी आपल्या देशाने खाल्लेल्या गव्हाच्या पैशांतून भरली आहेत!

अशी खरेदी मुख्यत्वे पुस्तकविक्रेते आणि प्रकाशकांच्या याद्या यांवर चालते. आपले बरेचसे साहित्य त्या याद्यांत नसते. ते नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि दादरच्या चैत्यभूमीवर मांडलेल्या दुकानांत मिळते, छोट्या मुद्रणालयांत छापले जाते आणि हातोहात संपते. गीतांच्या पुस्तिका, परिषदांचे अहवाल, संघटनांच्या स्मरणिका यांना दुसरी आवृत्ती सहसा नसते. कोणी मुद्दाम जाऊन त्या आणल्या नाहीत, तर ग्रंथालयाच्या दप्तरी त्या जन्मालाच आलेल्या नसतात.

ग्रंथालयातून पुस्तके काढून टाकण्याचीही रीत असते. माझ्या व्यवसायात ती आवश्यकच आहे. औषधांच्या मात्रा सांगणारी जुनी आवृत्ती वाचकांपुढे राहिली तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. पण हीच फूटपट्टी सामाजिक साहित्याला लावता येत नाही. वीस वर्षे कोणी मागितली नाही म्हणून एखादी पुस्तिका निरुपयोगी ठरत नाही. ती जगातली शेवटची प्रत असू शकते.

मग आपण काय करावे? प्रथम, खोकी भरून कोणत्याही ग्रंथालयाच्या दारात नेऊ नयेत. प्रत्येक देणगीमागे तपासणी, नोंद, बांधणी आणि जागा यांचा खर्च असतो. म्हणून ग्रंथालये बहुधा निवडकच स्वीकारतात. आधी यादी करावी. तीत शीर्षक, लेखक, प्रकाशनस्थळ व वर्ष लिहावे, रोमन लिपीतील शीर्षकही द्यावे आणि मगच विचारणा करावी. दिलेल्या पुस्तकांचे पुढे काय होईल, हे लेखी ठरवून घ्यावे. बुरशी लागलेली पुस्तके निराळी ठेवावीत, अन्यथा ती शेजारच्यांनाही बाधतात.

दुसरे म्हणजे, आपण जे छापतो त्यावर वर्ष, गाव आणि प्रकाशकाचे नाव न चुकता घालावे. आपल्या अनेक पुस्तिकांवर वर्षच नसते. ग्रंथपालाने मग काय नोंदवावे?

तिसरे, बाडेन-व्युर्टेमबेर्गच्या १९७६ च्या कायद्यान्वये येथे प्रकाशित होणाऱ्या साहित्याची प्रत श्टुटगार्ट आणि कार्ल्सरूह येथील राज्य ग्रंथालयांना द्यावी लागते. नियमाला अपवाद आहेत, परंतु आपल्यासारख्या संघटनेने आपणहून विचारणा करण्यास कोणती अडचण आहे? स्मरणिकेच्या प्रती तेथे पोहोचाव्यात आणि मागील अंकही शोधून द्यावेत, अशी आमची सूचना आहे.

आपल्या घराघरांतील पहिली पिढी आता थकत चालली आहे. पुढच्या पिढीतील अनेकांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. घर रिकामे करण्याची वेळ आली की न वाचता येणारा कागद सर्वांत आधी रद्दीत जातो. म्हणून या सुट्टीत आई-वडिलांनी मुलांना जवळ बसवून घरातील मराठी पुस्तकांची यादी करावी. कोणते पुस्तक कोठून आणले, कोणी दिले, हेही तीत लिहावे. त्या याद्या आमच्याकडे पाठवाव्यात, ही आग्रहाची विनंती.