सोंगाड्याची संहिता

दादा कोंडके यांचे नाव निघाले की पुष्कळांना त्यांचे द्व्यर्थी संवाद आणि सेन्सॉर मंडळाशी उडालेले खटके तेवढे आठवतात. १९९८ साली निधन पावलेल्या या कलावंताचे एवढेच स्मरण ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय होय. मुंबईच्या नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत १९३२ साली जन्मलेल्या आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेल्या दादांचे खरे सामर्थ्य उत्स्फूर्ततेत होते.

वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य त्याची साक्ष देते. तमाशाच्या परंपरेत लिहिलेला संवाद हा सोंगाड्याला केवळ आधार असतो. त्या दिवसाची बातमी, समोरचा प्रेक्षक, सोबतच्या नटाची चूक यांतून तो ऐन वेळी विनोद निर्माण करतो. दादांनी ही परंपरा शहरी नाट्यगृहात आणली. राजा-कोतवालाच्या आडून चालू सत्तेची खिल्ली उडे आणि एकदा पाहिलेला प्रयोग पुन्हा पाहिला तरी शिळा वाटत नसे.

‘सोंगाड्या’ (१९७१), ‘पांडू हवालदार’ (१९७५) अशा चित्रपटांनी दादांना अफाट लोकप्रियता दिली. पण त्यांच्या विनोदाची जात पालटली. याचे कारण अभिरुचीइतकेच अर्थकारणातही शोधले पाहिजे. चित्रपटात गुंतलेले भांडवल वसूल व्हायचे, तर तोच विनोद पंचवीस आठवडे आणि गावोगाव चालावा लागतो. कालच्या बातमीवरचा टोमणा तेवढा टिकत नाही. द्व्यर्थ मात्र टिकतो. अल्प खर्चाच्या रंगमंचाला जे धाडस परवडते, ते पडद्याला परवडत नाही.

म्हणूनच रंगमंचाचे स्वातंत्र्य अधिक मोलाचे आहे. महाराष्ट्रात मात्र नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घेण्याची पद्धत आहे. अमोल पालेकर यांनी २०१६ साली या पद्धतीला उच्च न्यायालयात आव्हान दिले. संहितेबाहेर जाणे हाच ज्याचा धर्म, त्याची संहिता आधी तपासून काय साधणार? प्रयोगात गुन्हा घडलाच, तर त्याची दखल घेण्यास देशाचा कायदा समर्थ आहे. दादांच्या नावाने सोहळे करण्यापेक्षा ही पूर्वसंमतीची अट काढून टाकणे, हेच त्यांचे उचित स्मारक ठरेल. राजासमोर सोंगाड्याने काय बोलावे, हे राजानेच आधी ठरवून द्यायचे असेल, तर वगाला अर्थ उरत नाही.