'काहीतरी चुकलं' म्हणजे नेमकं काय हो?

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय. 'काहीतरी चुकलं आहे, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा' हे वाक्य म्हणजे आम्हा प्रोग्रॅमर लोकांचा निव्वळ आळस आहे. कारण बहुतेक वेळा काय चुकलं ते यंत्रणेला पक्कं माहीत असतं, आपण सांगत नाही इतकंच.

आधारचंच घ्या ना. त्याची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली. आधारच्या पडताळणीत बोटाचा ठसा जुळला नाही तर ३०० हा कोड येतो, बायोमेट्रिक लॉक केलेलं असेल तर ३३०, आणि आधार क्रमांकच अवैध असेल तर ९९८. तीन अडचणी, तीन वेगळे उपाय. पण मधल्या एखाद्या पोर्टलने तिन्ही कोड गिळून वर 'पडताळणी अयशस्वी' एवढंच दाखवलं, की आमच्या जऊळक्याचा माणूस बसला बोटं पुसत! लॉक उघडायचंय हे त्याला कळणार कसं? मग रोजी बुडवून मालेगावला चक्कर, आणि तिथेही तेच वाक्य.

घरच्या वाचकांसाठी सांगतो, यावर उपाय जुनाच आहे. चूक झाली की नुसतं वाक्य फेकायचं नाही, रकाने आखलेली चिठ्ठी पुढे पाठवायची: चुकीचा प्रकार, मूळ कारण, तपशील, नोंद क्रमांक. यालाच एरर ऑब्जेक्ट म्हणतात. नोडसाठी व्हीएरर नावाची ओपन सोर्स लायब्ररी आहे, फुकट. एका चुकीमागची दुसरी चूक ती साखळीसारखी जोडून ठेवते. मूळ कारण जोडण्याची सोय २०२२ पासून खुद्द जावास्क्रिप्टमध्येच आली. वेब सेवांनी अशी चिठ्ठी कशी लिहावी याचं मानकही आहे, २०२३ चं आरएफसी ९४५७. मग अडलंय कुठे?

'सगळं उघड केलं तर हॅकरचं फावेल,' असं काही जण म्हणतात. अहो, डेटाबेसची अंतर्गत माहिती लॉगमध्येच ठेवा ना! बाहेर फक्त प्रकार, उपाय आणि नोंद क्रमांक दाखवा. दुसरा आक्षेप, 'लोकांना कोड कळत नाहीत.' नसतील कळत, पण केंद्रावर बसलेल्या पोराला कळतात. आणि कोड हातात असला की 'तुमचं बायोमेट्रिक लॉक आहे, आधी ते उघडा' असं मराठीत लिहायला कितीसा वेळ लागतो?

चूक कुणाच्याही प्रोग्रॅममध्ये होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्याला माहीत असलेलं कारण आपण दडपायचं आणि त्याचं एसटीचं भाडं दुसऱ्याने भरायचं, हे मला मान्य नाही. कोड लिहिणाऱ्या ब्लॉगर दोस्तांनो, आज आपापले कॅच ब्लॉक उघडून बघा. किती कारणं तिथे गुपचूप गाडली गेलीत ते मोजा, आणि मग माझ्याशी भांडायला या.