दुखणे सांध्याचे, बिल पेटीचे



विहिरीवरची मोटार जळली तर आपण काय करतो? उतरवतो, तालुक्याला नेतो, वायंडिंग भरून आणतो आणि पुन्हा पाणी सुरू करतो. जळलेली मोटार फेका, नवी घ्या, असे सांगणाऱ्या मिस्त्रीकडे कुणी दुसऱ्यांदा जात नाही. पण हाच शेतकरी दारातली जुनी गाडी बंद पडली की सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या खोलीत मुकाट बसतो. 'ईसीएम गेला' एवढे दोन शब्द ऐकतो आणि मान डोलावतो.

मीही डोलावली होती. माझ्याकडे जुनी घेतलेली, वीस वर्षांची पेट्रोल व्हॅन आहे. वेचणीच्या बायांची ने-आण तीच करते. गेल्या हंगामात ऐन वेचणीत ती रोज रुसू लागली. गरम झाली की बंद, तासाभराने थंड झाली की सुरू. सर्व्हिस सेंटरवाल्याने कॉम्प्युटर लावला आणि निकाल दिला, पेटीच बदलावी लागेल. किंमत ऐकली आणि मनात हिशेब केला : तीन क्विंटल कापूस. तीन क्विंटल कापूस वेचायला किती दिवस पाठ वाकवावी लागते, हे काउंटरवरच्या पोराला कुठून ठाऊक असणार?

शेवटी गाडी नेली ती पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे. त्याने आधी बॅटरी पाहिली, अर्थची वायर घासली, फ्यूज तपासले. मग इंजिन चालू ठेवून पेटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केली. इंजिन बंद! पेटी उघडून भिंग लावले, तर एका रिलेच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर. सोल्डरचा सांधा सुटला होता. गरम झाला की फाके, थंड झाला की टेके. जुने सोल्डर काढून नवे भरले. खर्च एका दिवसाच्या मजुरीएवढाही नाही. गाडी आजही चालते आहे.

आता ही पेटी म्हणजे काय जादूची आहे? २००० सालच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, तेव्हा पेट्रोल गाड्यांतले कार्ब्युरेटर गेले आणि इंजेक्शन आले. पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी केव्हा द्यायची, हे ठरवायला इलेक्ट्रॉनिक पेटी आली. आत एक छापील पट्टी असते. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा आणि त्यांना जोडलेले छोटे भाग. जादू काही नाही. जुनी झाली की तिचीही ठराविक दुखणी असतात.

पहिले दुखणे सांध्याचे, ते वर सांगितले. दुसरे कंडेन्सरचे. त्यातला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतो किंवा गळतो, आणि गळाला की तांब्याच्या वाटा खातो. पेटी उघडताच मासळीसारखा वास येतो. १९९० च्या आसपासच्या मित्सुबिशीच्या अनेक गाड्यांच्या पेट्या याच रोगासाठी जगभर प्रसिद्ध आहेत. नवा कंडेन्सर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचा आणि १०५ अंश सेल्सिअस सोसणारा हवा. अधिक-उणे उलटे जोडले तर तो फुटतो. तिसरे दुखणे जळालेल्या ट्रान्झिस्टरचे. तो बहुधा आपणहून जळत नाही. बाहेरची इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर शॉर्ट झालेला असतो. कॉइल न तपासता नवी पेटी बसवली, तर नवी पेटीही जळेल आणि दुसरे बिलही येईल. चौथे दुखणे पाण्याचे : ओल शिरते, पिना हिरव्या होतात.

आणि पुष्कळदा पेटी धडधाकटच असते. उंदराने वायर कुरतडलेली असते, अर्थला गंज चढलेला असतो. बहुतेक सेन्सरांना पेटी पाच व्होल्ट देते. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की तो हे पाच व्होल्ट खाली ओढतो, आणि बदनाम होते पेटी. म्हणून तपासणीचा क्रम सोडू नका. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना चौदाच्या आसपास दाखवते. ते जमले की अर्थ, फ्यूज, मुख्य रिले, वायर आणि सेन्सर. पेटीचा नंबर सगळ्यांत शेवटी. गाडीला वेल्डिंग करताना आधी बॅटरीच्या वायरी सोडवा. जंपर केबल उलटी लावू नका. निम्मी दुखणी आपणच विकत घेतो.

प्रश्न असा, की हे सगळे गावच्या मिस्त्रीला का करता येऊ नये? हात आहेत, अक्कल आहे. नाही तो नकाशा, नाही ते निदानाचे यंत्र, नाही तो सुटा भाग. कारण ते दिले जात नाही. हे मी पदरचे बोलत नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने त्यांनी बाहेरच्या गॅरेजांना मोकळी ठेवली नव्हती. पुढे अपिले झाली आणि प्रकरण कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. आपली गाडी तोवर थांबत नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली कायदा केला, की डीलरला मिळते ती माहिती आणि साधने रास्त किमतीत मालकाला आणि स्वतंत्र गॅरेजलाही मिळालीच पाहिजेत. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेती यंत्रांसाठी तसाच कायदा केला. आपल्याकडे केंद्राने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल उघडले. त्यात वाहने आहेत आणि शेती अवजारेही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

कंपन्या म्हणतात, सुरक्षेचे काय, चोरीचे काय? त्यात तथ्य आहे. एअरबॅगच्या आणि ब्रेकच्या पेटीला अर्धवट शिकलेल्याने हात लावू नये. चावीचा गुप्त आकडा पेटीत असतो, म्हणूनच दुसऱ्या गाडीची पेटी आणून बसवली तरी बहुतेक गाड्या सुरू होत नाहीत. चोराला अडवावेच. पण चोराच्या नावाखाली मालकालाच दाराबाहेर उभे करायचे, हे कुठले न्यायाचे?

तेव्हा जिल्हा बैठकीत तीन मागण्या मांडाव्यात. एक, पेटी बदलण्यापूर्वी नेमका बिघाड लेखी मिळावा. दोन, काढलेली जुनी पेटी मालकाला परत मिळावी. तीन, वायरिंगचे नकाशे, बिघाडाचे कोड आणि सुटे भाग कोणत्याही मिस्त्रीला रास्त भावात मिळावेत. आणि एक काम आपले : बारावी होऊन घरी बसलेल्या पोराच्या हाती मल्टीमीटर आणि भिंग द्या, त्याला जुन्या कारागिराकडे बसवा.

आज पेटी गाडीत आहे, ट्रॅक्टरातही ती आली आहे. ज्याला पेटी उघडता येते तोच तिचा मालक. बाकी सगळे भाडेकरू.